आठ अ‍ॅम्पिअरचा सेल

"नंदू, भाच्याला काय सांगू? कुठला सेल घेऊ दे त्याला?" सलीमभाईंनी फोन माझ्या नाकासमोर धरला.

मी तेव्हा वर्कशॉपच्या टेबलावर शेवटची हत्यारं आवरत होतो. दुसऱ्या दिवशी ओमानमधल्या दुक्महून मस्कत, मस्कतहून मुंबई आणि मग संगमेश्वरजवळचं आमचं गाव. शिमग्याला घरी जायचा योग नऊ वर्षांनी आला होता. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी प्रत्येक घराच्या दारात येते आणि घरचा पुरुष ती खांद्यावर घेऊन अंगणात नाचवतो. वडील गेल्यापासून आमच्या अंगणात पालखी नाचते, पण खांदा शेजाऱ्यांचा असतो. ही गोष्ट मला फार लागते. यंदा रजा मंजूर होती, तिकीट खिशात होतं, आणि मी महिनाभर हवेत होतो.

मी बॅटरी टेक्निशियन आहे. दुक्ममध्ये एका कंत्राटदाराकडे चार्जिंगवर चालणाऱ्या हत्यारांचे बॅटरी पॅक बांधतो. पॅक म्हणजे बोटाएवढ्या लिथियम सेलची जुडी. तोच सेल टॉर्चमध्ये असतो, ड्रिलमध्ये असतो आणि वेप नावाच्या धूर काढायच्या यंत्रातही असतो. ओमानात वेपला बंदी आहे, पण आमचे स्टोअरकीपर सलीमभाई रत्नागिरीचे, आणि त्यांचा भाचा लंडनला गॅरेजमध्ये कामाला. तिकडे ते दुकानात मिळतं. भाच्याने ऐंशी वॉटचं दांडगं यंत्र घेतलं होतं आणि सोबत एक स्वस्त सेल. त्याचा फोटो पाठवला होता. सेलवर छापलं होतं ९९०० एमएएच.

"हा फेकून दे म्हणावं," मी म्हटलं. "या मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजारच्या पुढे फारसं काही मावत नाही. खरा सेल हातात जड लागतो. हा हलका असणार."

"मग साडेतीन हजारवाला घेऊ दे?"

"तोही नको. एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती. अ‍ॅम्पिअर म्हणजे नळातून एका वेळी पडतं किती. ऐंशी वॉटला सेलच्या साडेतीन व्होल्टने भागा. तेवीस अ‍ॅम्पिअर झाले. साडेतीन हजारवाल्या ज्या सेलला सतत आठ अ‍ॅम्पिअर द्यायची ताकद आहे त्याच्याकडून तेवीस ओढले तर तो तापणार, फुटणार. थोबाडासमोर फुटेल, सांगा त्याला. सतत पंचवीसच्या वरचा घे म्हणावं, चांगल्या दुकानातून. नाहीतर यंत्रच कमी वॉटवर चालव. आणि सगळ्यात बरं म्हणजे ते सोडून दे."

सलीमभाई हसले. "म्हणजे जास्त वेळ टिकणारा सेल चांगला नसतो?"

"टिकतो तो जोर देत नाही आणि जोर देतो तो टिकत नाही, सलीमभाई. दोन्ही एका सेलमध्ये पुरेपूर मिळत नाही."

एवढं बोललो आणि हातातलं हत्यार तसंच टेबलावर ठेवलं.

कारण दोन दिवसांपूर्वी मी बारा पॅक बांधून दिले होते. आमचं नेहमीचं काम इन्स्पेक्शन लॅम्पच्या पॅकचं, त्यांना जोर लागत नाही. हे बारा मात्र नट सोडवायच्या इम्पॅक्ट रेंचचे होते. जोराचा सेल दुबईहून मागवायचा तर आठ-दहा दिवस जाणार होते आणि रजा बुडणार होती. स्टोअरमध्ये लॅम्पचे सेल पडून होते, साडेतीन हजारवाले. मनाशी म्हटलं, हेच बरे, जास्त वेळ चालतील, मी गावी असताना कुणाचा फोन यायला नको. टेस्टही लॅम्पसारखीच केली, हलक्या लोडवर. पास झाले. टेस्ट शीटवर सही ठोकली. रेंच किती ओढतो याचा हिशोब मी केलाच नव्हता. खरं सांगायचं तर करायचाच नव्हता.

आता तिथल्या तिथे केला. अडकलेला नट सोडवताना रेंच चाळीस अ‍ॅम्पिअर ओढतो. पॅकमध्ये सेलच्या दोन रांगा, म्हणजे एकेका सेलवर वीस. माझा सेल आठचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शिल्लक सेलांतला एक घेतला, वीसच्या लोडवर लावला आणि थर्मामीटर चिकटवला. चार मिनिटांत पारा अठ्ठ्याहत्तर अंशांवर गेला आणि वरच्या प्लास्टिकला वास सुटला. रेंच धरणारा माणूस उंच परांचीवर उभा असतो आणि पॅक त्याच्या मुठीच्या खालीच असतो. एका हाताने तो पाइप धरून असतो, त्यामुळे रेंच टाकून पळायलाही त्याला जागा नसते.

सलीमभाई सगळं बघत होते. "उद्या सकाळी पॅक साइटवर जाणार," ते हळूच म्हणाले. "आणि तू विमानात."

"तेच तर."

"घरी काय सांगशील?"

पालखीचा ढोल मला तिथे टेबलापाशी ऐकू येत होता. मनाने मी कधीच अंगणात पोचलो होतो, आणि आता तिथून परत यायचं होतं.

आमचे मॅनेजर सईद साहेब ओमानी, पण त्यांचं हिंदी माझ्याहून बरं. त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, वो बारा पॅक साइट पे मत भेजो."

"क्यों? तुमने तो साइन किया."

"साइन गलत है. सेल मैंने गलत चुना."

त्यांनी माझा रजेचा अर्ज पुढे ओढला. "कल तुम्हारा फ्लाइट है ना? दूसरा कोई पॅक बना सकता है?"

"नहीं."

"तो?"

"तो खलास, सर."

"तुम चुप रहते तो किसको मालूम पडता?"

"पॅक को मालूम पडता."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रजेच्या अर्जावर आडवी रेघ मारली. "बाद में जाओ, इन्शाल्ला." ऑफिसातल्या इन्शाल्लाला तारीख नसते.

नवे सेल नवव्या दिवशी आले. तिसऱ्याच दिवशी पालखी आमच्या दारात होती. सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, व्हिडिओ कॉल लावला. तिच्या एका हातात ओटीचं ताट आणि दुसऱ्यात फोन. मला दिसली ती फक्त अंगणातली धूळ आणि नाचणारे पाय. एकही पाय माझ्या घरातला नव्हता. मी सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि रडलो. सलीमभाई दाराकडे पाठ करून उभे राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून.

बारा पॅक पुन्हा बांधले, खऱ्या लोडवर तपासून घेतले. कामगार कुरकुरले, चार्ज लवकर संपतो म्हणून. एकही तापला नाही.

रजा मे महिन्यात मिळाली. देवळात गेलो. देवीची रुपं, म्हणजे पालखीत बसवायचे मुखवटे, पेटीत बंद होती आणि पालखी कोपऱ्यात आढ्याला टांगलेली. आमचे गुरव म्हणाले, "घ्या खांद्यावर, देवी काय रागवणार नाय." दोघांनी खाली काढली. मी दांडा खांद्यावर घेतला. रिकामी पालखी अगदी हलकी लागली. हलकं काय आणि खरं काय, हे हाताला कळायची माझी सवय जुनी आहे. मी ती परत टांगायला लावली.

शिकलो ते एवढंच. सेल निवडताना अ‍ॅम्पिअर बघावेत, तिकिटाची तारीख बघू नये.