पाचवं पिल्लू

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, माझ्या आईला सांगितलं नाही, देवापुढं एकटी बसले तरी कधी तोंडातून काढलं नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्या घरातले नाही म्हणून असेल. घरातल्या माणसाला सांगायचं तर आधी तिचं नाव घ्यावं लागतं, आणि तिथंच माझी जीभ अडते.

ती म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला बाई म्हणते. आंबागडला आमचं घर, किल्ल्याची टेकडी मागच्या दारातून दिसते. दोघे भाऊ मिळून धानाची शेती करायचे, चूल एकच, आणि चुलीवर राज्य सासूचं. बाईला मूल नव्हतं. मला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शोभा झाली, अख्ख्या घरात तेवढं एकच लेकरू. आणखी एक सांगून टाकते. मी सातवी पास होते आणि बाई तिसरीतून शाळा सोडलेली. तेव्हा याचा मला फार ताठा होता.

शोभा दीड-दोन वर्षांची असेल, एकाहत्तर-बाहत्तर साल. नणंदेच्या लग्नाची पितळी भांडी घ्यायला आम्ही दोघी जावा तिला घेऊन भंडाऱ्याला गेलो होतो. एसटी स्टँडजवळ एक माणूस फळीवर चित्रांची पुस्तकं मांडून बसला होता. मी लगेच अंकलिपी उचलली. पोरीला अक्षरं यायला हवीत ना — आई सातवी पास! शोभानं ती खाली टाकली. मी पुन्हा तिच्या हातात दिली, तिनं पुन्हा टाकली. पुस्तकवाला हसला. मग बाईनं शोभाला फळीच्या कडेला बसवलं, तीन पुस्तकं तिच्यापुढं उघडून ठेवली आणि मला म्हणाली, "आता चूप राय. तिचं बोट कोठं जाते थे पाहू."

बोट बदकावर गेलं. मोठं, जाड पानांचं पुस्तक, अक्षर जवळजवळ नाहीच. एक बदक आणि मागं चार पिल्लं. पाचवं पिल्लू प्रत्येक पानावर कुठंतरी लपलेलं — गवतात, टोपलीत, म्हशीच्या पायांमागं. माझा हट्ट म्हणून अंकलिपीही घेतली.

त्या दिवसापासून शोभा बाईची झाली. मोठी आई म्हणता येईना, म्हणून 'मोठाई' म्हणायची. दुपारी भांडी आटोपली की बाई ओसरीवर मांडी घालायची आणि पोरगी आपण होऊन त्या मांडीत जाऊन बसायची. बाईला ते पिल्लू कुठं आहे ते पाठ, तरी रोज चुकायची. "अवं माय, गेलं कोठं?" म्हणायची, उगाच भलतीकडं बोट दाखवायची, आणि शोभा खदखदून हसत तिचं बोट धरून बरोबर जागी न्यायची. मी आतून ऐकत होते. माझ्या अंकलिपीतला 'क' ऐकताना ती जांभया द्यायची. माझं लेकरू, माझ्या पोटचं — आणि हसायला दुसरीच्या मांडीवर? असं वाटलं मला. हो, असंच वाटलं.

दिवाळीनंतर मी शोभाला घेऊन तळ्यावर धुणं धुवायला गेले. ती 'मोठाई, मोठाई' करून किरकिर करायला लागली. तिथं शिंगाडे काढणं चाललं होतं. काढणाऱ्यांतल्या एकीनं ओंजळभर दिले. पोरगी गप्प बसावी म्हणून मी ते कच्चे शिंगाडे सोलून तिला भरवत राहिले. किती? पुष्कळ. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि अंग तापलं. कशानं, ते मला पक्कं माहीत होतं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

सासूनं पोरीच्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "काहून तापली वं पोरगी? कोणापाशी होती?"

मी शिंगाडे म्हणाले असते तर काय झालं असतं? दोन शिव्या खाल्ल्या असत्या. पण मी म्हणाले, "बाईपाशीच राह्यते सारा दिवस. मांडीवर घेऊन पुस्तक दाखवून राहिल्या होत्या."

तळ्यावरून आल्यावर दुपारी ती रोजच्यासारखी बाईच्या मांडीवर होतीच; यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणून तर तो इतका सहज बाहेर पडला. मूल नसलेल्या बाईची नजर — हे शब्द मी उच्चारलेच नाहीत. ते सासू उच्चारणार, हे मला माहीत होतं. तिनं मीठमोहऱ्या उतरवल्या, आणि तिसऱ्या दिवशी ताप गेला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. ताप गेला म्हणजे नजरच होती, हे घरादाराला पटलं. सासूनं बाईला सगळ्यांसमोर बजावलं, "आजपासून पोरीले हात लावू नोको." बाई माझ्याकडं बघत राहिली. मी पोरीचं अंग पुसत होते, वर पाहिलंच नाही.

बदकाचं पुस्तक चुलीत घालायचा हुकूम झाला. मी अंकलिपी जाळली आणि बदक माझ्या पेटीत साड्यांखाली दडवलं. चांगुलपणानं नव्हे हो! मला ते शोभाला स्वतः दाखवायचं होतं. धान कापणीला सगळे बांधीत, शेतावर, गेले असताना मी तिला मांडीवर घेऊन पुस्तक उघडलं. "गेलं कोठं पिल्लू?" मी बाईसारखंच म्हणाले. पोरीनं पुस्तकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि दाराकडं बोट दाखवलं. "मोठाई."

पुस्तक पुन्हा पेटीत गेलं. आता ते कुणाला दाखवणार? बाहेर काढलं तर मी नजरेची बात कधीच खरी मानली नव्हती, हे उघड होणार. जाळावं तर हात होईना. त्याच घरात, त्याच चुलीपाशी, रोज त्याच बाईच्या हातची भाकर मी खात राहिले. शोभा हात पसरून तिच्याकडं धावायची, आणि बाई काय करायची माहीत आहे? दोन्ही हात पाठीमागं घ्यायची. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून उभी राहायची. वर्षभरात शोभानं धावणं सोडलं. मी जिंकले होते म्हणा. पण त्या घरात मला बसायला जागा उरली नाही — बाई ओसरीवर आली की मी आत, ती आत आली की मी ओसरीवर.

शोभाचं लग्न झालं, मुलगा झाला. बाळंतपणाला आली तेव्हा तिनं विचारलं, लहान लेकराला पुस्तक कसं निवडायचं गं आई? मी सांगितलं. तीन पुस्तकं उघडून ठेवायची, आपण गप्प बसायचं, बोट कुठं जातं ते पाहायचं. कुणाकडून शिकले, ते सांगितलं नाही.

एकोणनव्वदच्या दिवाळीला ती सव्वा वर्षाच्या नातवाला घेऊन आली. सासू जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईला अडवणारं घरात आता कुणी नव्हतं, माझ्याशिवाय. शोभानं अंगणात सतरंजीवर तीन पुस्तकं मांडली आणि तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं. बाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"हे कोणं शिकोलं तुले?" तिनं विचारलं.

"आईनं," शोभा म्हणाली. "अजून कोणं?"

बाईनं माझ्याकडं पाहिलं. या वेळी मीही पाहिलं. तेवढ्यात नातू एक पुस्तक ओढत तिच्याकडं गेला आणि मांडीवर घे म्हणून हात वर केले. बाईनं सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले. अठरा वर्षांनीसुद्धा.

शोभा हसून मला म्हणाली, "मोठाईले लेकरं आवडतच नाही, नाही वं आई?"

बाई ऐकत होती. पेटी आतल्या खोलीत होती, किल्ली माझ्या कमरेला.

"नाही आवडत," मी म्हणाले, आणि नातवाला उचलून माझ्या मांडीवर घेतलं.