गेटच्या पट्टीवर उभी केलेली जीप

माझ्या काकूच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी, रिठदहून रिसोडकडे येताना जो उतार लागतो तिथं. आदल्या दिवशीच ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन परतली होती. जीपमध्ये तिच्यासोबत आमच्या वस्तीतल्या बाया होत्या, सगळ्या सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, निघालेल्या. पेपरात त्याला अपघात म्हटलं. मी म्हणणार नाही.

मीही त्याच जीपवर होतो, मागच्या पायरीवर, दांडीला लटकून. रिसोडला उतरून बस धरायची होती. मी आयटीआयला फिटर केलं आहे. हल्ली पत्रकं लिहितो, वाटतो, मोर्च्यात ओरडतो. तरी त्या पायरीवर उभं राहताना माझ्या पायाखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं.

ती जीप मालकानं मागून उचलून घेतली होती. दुप्पट माणसं कोंबली की जीपचं मागचं अंग बसतं, चाक वर घासतं. मग मिस्त्री चाकावरच्या पोलादी पाट्यांच्या थप्पीत एखादा पाटा वाढवतो आणि ती थप्पी गाडीच्या सांगाड्याला जिच्यावर टांगलेली असते ती जोडपट्टी, म्हणजे शॅकल, घरीच कापून लांब करतो. गाडी मागून उंच होते. मालक स्टँडवर मिरवायचा, "पाह्य, कशी गोऱ्ह्यावानी उभी हाये!"

उतारावर खड्डा आला आणि मागून बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. डावं मागचं अंग धाडकन खाली बसलं, चाकं तिरकी झाली, जीप आडवी फिरली आणि उलटली. मी आधीच फेकला गेलो होतो, म्हणून मला सगळं दिसलं. बायांच्या मांडीवर विळे होते, फडक्यात गुंडाळलेले. जीप पालथी होताना फडकी सुटली. बाया बायांवर पडल्या आणि मध्ये विळे. एकीचा गाल कानापर्यंत उघडा पडला. एकीच्या पोटरीचं मांस लोंबत होतं. पत्रा लाल झाला, टपातून रक्त ठिबकायला लागलं.

काकू रस्त्यावर बसली होती. उजवा हात पदरात गच्च धरलेला.

"अंगठा हाये का पाह्य," ती म्हणाली.

मी पदर उघडला. "हाये, काकू."

"मंग होते," ती म्हणाली आणि आडवी झाली.

त्या विळ्यांनी इतकं का कापलं, तेही ऐका. आमच्या भागात बाया साध्या लोखंडाचा विळा घेत नाहीत. पाट्याचाच पाहिजे, म्हणजे जुन्या जीप-ट्रकच्या पाट्यातून लोहारानं काढलेला. काकू विळा घेताना त्याचं टोक ऐरणीवर दाबते. वाकून सरळ झालं तरच घेते, नाहीतर "हे कायले देऊन राह्यला रे, भाजी कापाले?" म्हणून लोहाराच्या अंगावर टाकते. पोलाद तिला कळतं. जीपखाली वाकून पाहायची मुभा मात्र तिला नव्हती. ज्या बाईनं एकदा टायर गुळगुळीत आहे म्हटलं होतं, तिला मालकानं पुढचे आठ दिवस बसवलं नाही.

शेतातून माणसं धावत आली. त्यांनी बायांना बाहेर काढलं आणि मग ड्रायव्हरला धरलं. ड्रायव्हर आमच्याच वस्तीच्या पलीकडचा, हाडकुळा पोरगा, गळपट्टीचं हाड आधीच मोडलेलं. तेवढ्यात मोटारसायकलवर मालक आला. पहिला घाव त्याचा. हेल्मेट काढलं आणि त्या पोराच्या तोंडावर घातलं.

"दारू पिऊन चालवते साला! मारा त्याले!"

पोरगा प्यायलेला नव्हता. पण मालकानंच हात उचलल्यावर कोण थांबतं? काठ्या, चपला, दगड. पोरगा गुडघ्यांत डोकं घालून एवढंच म्हणत होता, "मागून तुटली, मागून तुटली." कोणी मागे पाहिलं नाही. मी पाहिलं. शॅकलची फाटलेली पट्टी खाली लोंबत होती, ती पिरगाळून काढली आणि शर्टात घातली. बोल्टचं भोक ओढून लांबट झालेलं. फाटलेल्या कडेचा अर्धा भाग चकचकीत होता, अर्धा गंजलेला. अर्धी चीर त्या सकाळच्या कितीतरी आधीपासून तिथं होती.

गुन्हा ड्रायव्हरवर नोंदला गेला. तो दवाखान्यात, हाताला बेडी.

काही दिवसांनी मी रिसोडला त्या मिस्त्रीच्या शेडमध्ये गेलो. जीप तिथंच उभी होती, टप ठोकून सरळ केलेला. मिस्त्री जमिनीवर उकिडवा बसून पट्टी कापत होता. खिडक्या-गेटला मारतात तीच पट्टी.

"तेच काहून लावून राह्यला?" मी विचारलं.

"आला का पत्रकवाला! अबे, यावेळी दोन सूत जाड घेतली."

"जाडीनं काय होते? आधीचे पाटे कुठं गेले?"

"लोहारानं नेले. इळ्याले मागणी हाये ना बाप्पा."

म्हणजे जीपचं पोलाद बायांच्या मांडीवर आणि गेटचं लोखंड बायांच्या खाली. माझं डोकं फिरलं. मी शर्टातली पट्टी काढली आणि ग्राइंडरवर धरली. ठिणगी लांब, सरळ, मुकाट गेली. मग कोपऱ्यातला पाट्याचा तुकडा धरला. ठिणगी निघाली तशी फुटली, चांदण्या उडाव्या तशी. ठिणगी फुटली तर पोलाद, नाहीतर नरम लोखंड, फिटरच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे. नरम लोखंड वाकलं की वाकलेलंच राहतं, त्याचं भोक दर खड्ड्याला थोडं थोडं ओढलं जातं. नुसतं कडक घेतलं तर ते कानशीसारखं पडल्याबरोबर तुटतं. इथं लागतं चिवट पोलाद, पिळवटून परत जागेवर येणारं, आणि बोल्टही तशाच दर्जाचे. मी नवी पट्टी शिकंज्यात आवळली आणि घण घातला. ती वाकली आणि मान टाकून तशीच राहिली.

"पाह्य! हिच्यावर बाया बसवतो?"

मालक मागं कधी आला मला कळलं नाही. जॅकचा दांडा माझ्या बरगडीत बसला. मी पडलो, तर दुसरा पाठीवर, तिसरा मांडीवर.

"लोखंड लोखंड असते, समजला का? मोठा इंजिनेर आला!"

"याच्या बरगडीले पट्टी मारू का, मालक?" मिस्त्रीनं विचारलं, आणि दोघं हसले. खरंच हसले. मला शेडबाहेर ओढून नालीत टाकलं आणि माझ्याकडची फाटकी पट्टी ठेवून घेतली.

काकूचा हात बरा होत आला आहे, जेवढा व्हायचा तेवढा. अंगठ्यानं आणि तळव्यानं ती लोटा धरते. कापसाच्या वेचणीला आता तिची मुलगी जाते. त्याच जीपनं. नवा रंग आहे, मागून तशीच उचललेली. मी तिला अडवलं तर म्हणाली, "भाऊ, दुसरी जीप आमच्या वस्तीवर येत नाही. तू पायी नेतं का आमाले?"

म्हणून हे पत्रक तिच्यासाठी नाही. तुम्ही, ज्यांच्या वावरात या बाया वेचायला येतात, तुमच्यासाठी आहे. जीप तुम्ही सांगता. मालक तुमच्याशी हात जोडून बोलतो. उद्या ती बांधाला लागली की ड्रायव्हरला गाडी बंद करायला लावा, मागच्या चाकापाशी गुडघे टेका आणि शॅकल पाहा. पट्टीच्या कडा ग्राइंडरनं कापलेल्या आहेत? भोक लांबट झालंय? बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला नाही? मग बायांना परत त्या गाडीत बसू देऊ नका. संध्याकाळी त्यांना पोचवायला दुसरी गाडी तुम्ही करा, आणि मालकाला सांगा, पोलादी शॅकल बसल्याशिवाय ही जीप माझ्या वावरात चालणार नाही. उद्या सकाळीच सांगा. काकूची मुलगी त्या जीपमध्ये उद्याही बसणार आहे.