होडी उष्टी करायची नाही

आमच्या गावाला जायला रस्ता नाही, कारण गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. मुंबईकर सकाळी नळ सोडतात तेव्हा त्यातलं थोडं पाणी आमच्या ओटीवरून गेलेलं असतं, पण हे त्यांना माहीत नसतं आणि आम्हीही सांगत बसत नाही. पाणी चढायच्या आधी माणसं, गुरं, कौलं, दारांच्या चौकटी, सगळं वर आलं. गावदेवी तेवढी आली नाही. तिला हलवायचं का म्हणून कौल लावला, तर फूल डावीकडे पडलं, म्हणजे नकार. पुन्हा लावला, पुन्हा डावीकडे. शेवटी तिला तिथेच ठेवून माणसं उठली. (सरकारी नोटिशीला दाद न देणारी सबंध गावात ती एकटीच निघाली.)

ती पाण्याखाली गेली आणि आमच्या आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, नवस राहिला. नवस माझाच होता. मी तान्हा असताना दूध ठरेना, अंगावर नुसती कातडी राहिली, तेव्हा आप्पांनी देवीला सांगितलं होतं, "पोर जगू दे, तुझ्या पायाशी नारळ ठेवीन." पोर जगलं. नवस चैत्राच्या जत्रेत फेडायचा अशी रीत, म्हणून आप्पा चैत्राची वाट बघत राहिले आणि मधल्या पावसाळ्यात पाणी आलं.

तेव्हापासून दर चैत्रात उठलेली घरं काठावर जमायची आणि पाण्यात नारळ सोडायची. नारळ जरा आत जायचे, विचार केल्यासारखे थांबायचे आणि परत काठाला लागायचे. आप्पांचा तर हटकून त्यांच्याच पायाशी यायचा. होडीतून आत जावं तर पाण्यात उतरायला बंदी. उन्हाळ्यात पाणी आटे, पण देऊळ नदीच्या खोलगटात, तिथपर्यंत कधीच नाही. एकदा मी सुचवलं, "आप्पा, नारळाला दगड बांधू."

"देवीला नारळ द्यायचा का मांजर बुडवायचं?" आप्पा म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. शहापुरात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणजे दुकान होतं. दुरुस्तीबद्दल लोकांत दोन मतं होती. त्या वर्षी आप्पांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. चैत्र झाला की मुंबईला न्यायचं होतं. आप्पा ऑपरेशनला घाबरले नव्हते. ते म्हणाले, "डागतराचं काय ते तो बघंल. पण देवीचं देणं ठेवून मी त्या टेबलावर कसा झोपू, रघ्या?" माझ्याच जिवाचं देणं होतं ते.

नेमका त्याच सुमारास माझा मेहुणा मस्कतहून आला आणि आमच्या मुलीसाठी रिमोटवर चालणारी स्पीडबोट घेऊन आला. हातभर लांब, पिवळी धमक, मागे छोटा पंखा. मुलगी दीड वर्षाची होती आणि बादलीभर पाण्यालाही भ्यायची. त्यामुळे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बोट प्लास्टिकसकट शोकेसमध्ये गेली.

आप्पा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रघ्या, ही किती लांब जाते रे?"

मी एरियल, फ्रिक्वेन्सी, बॅटरी असं बरंच काही सांगितलं. आप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं. "देवळापरत जाईल का ते सांग."

"जाईल," मी म्हणालो. दुकान चालवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणता येतं?

पहिली अडचण वजनाची. नारळ ठेवला की बोट कलंडणार हे बघताच कळत होतं. आप्पांचा चेहरा उतरला. तेव्हा माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आप्पा, पूजेत गणपती म्हणून सुपारी बसते ना? मग नारळ म्हणून का नाय बसणार?"

आप्पांनी रात्रभर त्यावर विचार केला आणि सकाळी सुपारी मंजूर केली. ठरलं असं की बोट देवळावर न्यायची, तिथे झर्रकन वळवायची, म्हणजे सुपारी कलंडून खाली देवीच्या पायाशी जाईल आणि बोट परत येईल. योजनेत खोट नव्हती. फक्त ती मी पार पाडायची होती.

मग आप्पा म्हणाले, "झेंडा पायजे. जत्रंला झेंडा असतोच." झेंड्याला भोक पाहिजे. मी सळई तापवली आणि बोटीच्या पाठीवर टेकवली. प्लास्टिक परदेशी असलं तरी वितळतं आपल्यासारखंच, पण जरा जास्त लवकर. झेंड्याची काडी वरून घातली ती खालून बाहेर आली.

सुनंदानं खाली वाकून बघितलं. "अहो, हे तळाला पण भोक हाय."

"काडी पक्की बसावी म्हणून पाडलंय," मी म्हणालो.

भोक बुजवायला मी दुकानातून स्पीकरला लावायचा काळा डिंक आणला. आप्पांनी डबी नाकाशी धरली. "जनावराचं काय हाय का यात?"

"नाय आप्पा, केमिकल आहे."

"केमिकल कशाचं?"

हे मला माहीत नव्हतं. आप्पांनी डबीचं झाकण लावून ती माझ्या हातात परत दिली. "देवीच्या वस्तूला असलं काय लावायचं नाय. भाताची शितं घे."

आता यात हसण्यासारखं काही नाही. आमचा मुलूख भाताचा. आम्ही लग्नाची पाकिटं शितांनी चिकटवली, पुस्तकांची कव्हरं शितांनी चिकटवली, आणि माझे लहानपणचे सगळे पतंग शितांवर उडाले. एकही कधी सुटला नाही. सुनंदानं जाड्या तांदळाचा भात टाकला, मी शितं मळून लगदा केला आणि दोन्ही भोकं अशी काही लिंपली की ती कुठे होती हेही कळेना. उन्हात वाळल्यावर लगदा दगडासारखा झाला. मी नखानं टकटक करून दाखवलं. पतंग पाण्यात उडवत नाहीत, ही एवढी गोष्ट मात्र घरात कुणाच्याच ध्यानात आली नाही.

कुणाच्याच म्हणणं बरोबर नाही. सुनंदा म्हणाली होती, "आधी टाकीत सोडून बघा."

त्यावर आप्पा इतके गंभीर झाले की मुलगीसुद्धा रडायची थांबली. "नैवेद्य आपण चाखून बघतो का गो? देवीच्या आधी हिला पाणी लागलं, तर ही उष्टी व्हईल."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. दुकानात मी दुरुस्त केलेला रेडिओसुद्धा गिऱ्हाईक घरी जाऊनच लावून बघायचं, त्यामुळे आप्पांचा हा विचार मला मनापासून पटला होता.

जत्रेच्या दिवशी बोटीची पूजा झाली. कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची दोन फुलं वाहिली, विड्याच्या पानावर सुपारी बसवली. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात तसं आप्पांनी लिंबूही आणलं होतं.

"आप्पा, हिला चाकं नायत," सुनंदा म्हणाली.

"मग पाण्यात सोड. वरनं जाईल."

काठावर सगळी उठलेली घरं जमली होती. आमचे जुने शेजारी गोविंदकाका जरा बाजूला उभे होते. त्यांचं आणि आप्पांचं बांधावरून भांडण होतं. बांध पाण्याखाली गेला, भांडण दोघांनी कोरडं वर आणलं होतं. मी गंभीर चेहऱ्यानं रिमोटची एरियल लांब केली. तेवढ्यानंच काही बायांनी हात जोडले.

बोट पाण्यात सोडली. बटण दाबलं. पंखा फिरला, लिंबू बाजूला उडालं आणि बोट लाल झेंडा मिरवत सरळ निघाली. पहिल्यांदाच माझ्या हातातली वस्तू सांगितलेलं करत होती. नुसता पंख्याचा आवाज.

आप्पा माझ्या खांद्याला धरून उभे होते. पाण्याकडे बघत ते सांगू लागले, "सरळ जाऊ दे. ही आपली वाट. आता उजवीकडं घे, पिंपळ लागंल. आता हळू, विहीर हाय."

मला तो गाव आठवत नव्हता. मला समोर नुसतं पाणी दिसत होतं आणि मी त्या पाण्यात पिंपळाला वळसा घालत होतो, विहिरीपाशी हळू होत होतो. आप्पांना मात्र सगळं दिसत होतं. त्यांचा आवाज तरुण झाला होता. माझे डोळे भरून आले, त्यामुळे बोट जरा डावीकडे गेली.

"तिकडनं नको नेऊ," आप्पा एकदम कडक झाले. "ते गोविंदाचं आंगण हाय. मी त्याच्या आंगणात पाय ठेवत नाय."

मी बोट थांबवली. आता बोट पाण्यावर नुसती उभी, लोक काठावर नुसते उभे. मग गोविंदकाका पुढे आले, आप्पांच्या शेजारी उभे राहिले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "जाऊ दे आप्पा. देवीच्या कामाला वाट देतो मी."

आप्पांनी माझा खांदा दाबला. मी बोट गोविंदकाकांच्या अंगणातून नेली.

या सगळ्या मानपानात वेळ गेला होता, आणि शितं पाण्यात कुणासाठी थांबत नाहीत. देऊळ जवळ आलं तशी बोट जड झाली. मी बटण दाबलं, ती मागच्या अंगानं खाली बसली. वळवायचं बटण दाबलं, ती वळली नाही. सगळी बटणं एकदम दाबली. बोटीनं नाक वर केलं, सुपारीवरून एकदा पाणी फिरलं आणि बोट सुपारीसकट खाली जाऊ लागली. झेंडा शेवटपर्यंत ताठ होता. काडी मी खरंच पक्की बसवली होती.

मग पाणी सपाट झालं. जिथे बोट होती तिथे भाताची चार शितं वर आली आणि मासे आले.

काठावरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी रिमोट पाठीमागे लपवला. "बॅटरीचा प्रॉब्लेम असेल," मी म्हणालो. सुनंदानं पदर तोंडाला लावला. आप्पांकडे बघायची माझी हिंमत होईना. ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं आणि त्यांचा नवस मी भर जत्रेत बुडवला होता.

आप्पांनी डोळे बारीक करून विचारलं, "गोविंदा, कुठं गेली रे?"

गोविंदकाकांनी पिंपळापासून नजरेनं माप घेतलं. "पायरीवर. नाय, पायरीच्या आत. पायाशीच."

आप्पांनी हात जोडले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते. मग ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ओल्या डोळ्यांनी, अभिमानानं म्हणाले, "इतकी वर्सं नारळ सोडले, येक बुडला नाय. आन् माझ्या पोरानं हात लावलेली वस्तू बगा, पयल्याच फेरीला तळाला."

आप्पांचं ऑपरेशन नीट झालं. भूल द्यायच्या आधी ते टेबलावर इतके शांत पडले होते की डॉक्टरांनी नाडी दोनदा बघितली. मेहुण्याला मी अजून बोट शोकेसमध्ये आहे असंच सांगतो.

पुढच्या चैत्राआधी एक दिवस गोविंदकाका दुकानात आले. हातात पिशवी, पिशवीत बाजारातून आणलेली प्लास्टिकची होडी. त्यांचाही एक जुना नवस राहिला होता. मी म्हणालो, "काका, या वेळी भोक नीट बुजवतो, चांगला डिंक लावतो, परत येईल अशी करतो."

"नको रे बाबा," काका घाबरून म्हणाले. "तू गेल्या वक्ताला केलीस तशीच कर. तुझ्या हाताला गुण हाय."

इतकी वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं. माझ्या हाताला गुण आहे असं म्हणणारं ते पहिलं गिऱ्हाईक, आणि आजतागायत शेवटचं.