कौलांची रांग

नजमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाडीला एका दुकानाच्या स्लॅबवर उभा होतो. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं होतं, म्हणून सळ्या तपासत, नेहमीप्रमाणे कुणावर तरी खेकसत होतो. फोन तिच्या धाकट्या भावाचा, इक्बालचा. "प्रधानभाई, आपा गेली..." एवढंच म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी खाली उतरलो, गाडीत बसलो, आणि भिवंडीच्या वाटेला लागल्यावर पहिला विचार मनात आला तो असा, की आता दिघाशीच्या बालवाडीवरची कौलं जाणार. इतक्या वर्षांची मैत्रीण गेली आणि आपल्याला कौलं काय आठवतात, म्हणून मी स्वतःवर चिडलो. पण नजमाला ओळखणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

ती आर्किटेक्ट, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ती घराचं चित्र काढायची आणि ते पडू नये याची काळजी मी वाहायचो, अशी आमची वाटणी. वीसेक वर्षं एकत्र काम केलं, म्हणजे वीसेक वर्षं भांडलो. मला कागदावर आकडे जुळले की झोप लागते. तिला माणसं जुळल्याशिवाय लागत नसे. नवं काम सुरू झालं की आधी सगळ्यांना जागेवर बोलवायची. मालक, मालकाची बायको, गवंडी, सुतार, वायरमन आणि मी, असे सगळे उन्हात सतरंजीवर गोल बसायचो. भिंत कुठे येणार यावर वायरमनचं मत कशाला हवं, असं मी विचारायचो. "कारण नंतर तोच ती फोडणार आहे," ती म्हणायची. मग मी सरकून वायरमनला सतरंजीवर जागा करून द्यायचो.

तिच्या अब्बांची भिवंडीत, नारपोलीला, लूमची म्हणजे यंत्रमागाची शेड होती. ते गेले, धंदा बसला, आणि इक्बालने ती पाडून तिथे इमारत उभारायचं ठरवलं. त्यात गैर काही नव्हतं. नजमा फक्त म्हणाली, "पाड. पण छप्पर मी उतरवून घेणार." सागाचे जाडजूड वासे आणि मंगलोरी कौलं तिने एकेक करून खाली घेतली. वाशांच्या फटींत अजून कापसाचा भुरका अडकलेला होता, तो तिने झाडूही दिला नाही. त्याच सुमारास दिघाशीच्या गावकऱ्यांनी बालवाडी बांधायचं मनावर घेतलं होतं आणि ते काम आमच्याकडे आलं. तिच्या डोक्यात लगेच गणित बसलं. वासे आहेत, कौलं आहेत, नवं सिमेंट-लोखंड कशाला आणायचं? शिवाय कौलांखाली पोरांना गारवा. मी कुरकुरलो. जुन्या लाकडाची ताकद कुठल्या तक्त्यात शोधायची? शेवटी गावाच्या मैदानात दोन टेकूंवर वासा आडवा ठेवला आणि त्यावर वाळूच्या गोण्या रचल्या. गाव जमलं. वासा वाकेना. मी हरलो म्हणून नजमाने सगळ्यांना चहा पाजला.

पण खरी अडचण पुढेच होती. बचत गटाच्या यमुनाबाई उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, आवाज खणखणीत. "मॅडम, वासा चांगला हाय, दिसतंय आमाला. पन शेरात समदे स्लॅब घालतान, नि आमच्या पोरांना तुमचं भंगार? गाव गरीब हाय म्हनून?"

नजमाचा चेहरा पडला. ज्याला भंगार म्हटलं ते तिच्या बापाचं छप्पर होतं, पण ते ती बोलली नाही. "विचार करते, यमुनाताई," म्हणाली आणि निघाली. गाडीत मी मनातून खूश होतो, स्लॅबचा मार्ग मोकळा झाला म्हणून. वेस ओलांडल्यावर तिने गाडीची काच खाली केली. मग म्हणाली, "बाई बरोबर बोलल्या रे. माझ्या घराच्या नकाशावर काय आहे?"

तिच्या घराच्या नकाशावर स्लॅब होता. मीच काढून दिला होता. भिवंडीबाहेर तिने स्वतःसाठी घर बांधायला घेतलं होतं, भिंती अर्ध्यावर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिने काम थांबवलं आणि पुढच्या खोलीवर अब्बांचे चार वासे चढवले. इक्बाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "प्रधानभाई, आपाको समझाव. लोक हसतील." समजावणं आमच्यापैकी कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं.

ती खोली झाली तेव्हा तिने यमुनाबाईंना घरी बोलावलं. त्या आल्या, वर बघत राहिल्या, मग कोपऱ्यातल्या शिडीवर सरळ चढल्या आणि वाशावरून हात फिरवला. बोटाला कापूस लागला. "ह्यो कुठला?"

"अब्बांच्या लूमचा," नजमा म्हणाली.

यमुनाबाई शिडीवरच थांबल्या. "बापाचं हाय तं मंग आमाला कशाला देतंस, बाय?"

"मला एकटीला जास्त होतं."

त्या दिवसापासून मॅडमची बाय झाली. पण यमुनाबाई काही लगेच विरघळणाऱ्या नव्हत्या. "चांगलं चांगलं तुला नि उरलेलं आमाला, असं न्हाय चालायचं," असं बजावून त्यांनी अटच घातली. मग चढवलेले चार वासे नजमाच्या वाट्यात धरून बाकीचं सगळं लाकूड अंगणात मांडलं, आणि कबड्डीच्या संघात गडी निवडावेत तसं एक वासा यमुनाबाईंनी उचलायचा, एक नजमाने, असं सुरू झालं. यमुनाबाई वासा ठोकून बघायच्या, वास घ्यायच्या, सुताराला विचारायच्या. दोघी शेवटी शेवटी हसून बेजार झाल्या होत्या. इतकं चोख साहित्य माझ्या कुठल्याही साइटवर आजवर आलेलं नाही.

कौलारू छप्पर म्हटलं की दर उन्हाळ्यात शाकारणी आलीच. पावसाळ्याआधी कौलं खाली काढायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि परत चढवायची. मी नजमाला म्हणायचो, "माझ्या स्लॅबकडे वर्षानुवर्षं कुणाला बघावं लागत नाही." ती म्हणायची, "तेच तर. त्या बिचाऱ्याला भेटायला कुणी येतच नाही." तिचा नियम असा, की ज्यांनी बालवाडी बांधली त्या सगळ्यांनी शाकारणीला यायचं. छपरापासून अंगणापर्यंत माणसांची रांग लागायची आणि कौल हातोहात खाली यायचं. गुडघ्याचं निमित्त काढून मी शिडी टाळायचो, म्हणून माझी जागा खाली, अंगणात. माझ्यापुढे नजमा, तिच्यापुढे यमुनाबाई. कौल देताना नजमा माझ्याकडे बघायचीही नाही, तोंड अखंड यमुनाबाईंशी चालू. दुपारी भाकरी आणि सुकटीची चटणी. बदलायची कौलं तिच्या घरून यायची. त्या पुढच्या खोलीत, दारामागे, तिने अब्बांची उरलेली कौलं रचून ठेवली होती.

गेली दोन वर्षं गावात नवी कुजबुज होती. निधी येतोय, कौलं काढून बालवाडीवर स्लॅब घालू, म्हणून. नव्या सरपंचांना त्यात गावाची शान वाटत होती. नजमा तेव्हा आजारी पडली होती, तरी एकदा जाऊन भांडून आली. शेवटी भेटलो तेव्हा ती त्याच खोलीत खाटेवर पडून होती, नजर वाशांवर. "यंदा शाकारणीला तू जाशील ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तू बरी हो, दोघं जाऊ." ती हसली. "प्रधान, तुझ्या आकड्यांत असं खोटं कधी नसतं रे..."

दफन झाल्यावर त्या खोलीत लोक दाटीवाटीने बसले होते. दारामागे कौलांची रास होती तशीच होती आणि तिच्या कडेला चपला सोडलेल्या. ती रास आता कुणाच्या उपयोगाची नाही असं वाटलं आणि मला फार एकटं वाटलं. भांडायला माणूस उरलं नव्हतं.

मे महिन्यात यमुनाबाईंचा फोन आला. "सायेब, आयतवारी शाकारनी हाय. येताव ना?"

"आणि स्लॅब?" मी विचारलं.

"त्यो घालतील ग्रामपंचायतीच्या हापिसावर. मी सांगून आलंय, बालवाडीला हात लावायचा न्हाय. बायचं नि आमचं वाटून घेतलेलं छप्पर हाय ते."

इक्बालने दारामागची सगळी कौलं टेम्पोत घालून आणली. कुणी न सांगता रांगेच्या शेवटी उभाही राहिला. गवंडी आला, सुतार आला, वायरमन आला. छपरावरून पहिलं कौल सुटलं, शिडीवरून खाली यमुनाबाईंच्या हातात आलं. त्या वळल्या, मी हात पुढे केले, आणि कौल पोचेना. आमच्या दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटली होती. कुणी ठरवून सोडली नव्हती. दर वर्षीच्या सवयीने आम्ही आपापल्या जागी उभे राहिलो होतो, इतकंच. कौल हातात धरून यमुनाबाई त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या. मला रडू आलं, आणि ते लपवण्याएवढं बळही नव्हतं.

"सरका, सायेब," त्या हळूच म्हणाल्या. "थोडं तुमी, थोडं मी."

मी एक पाऊल पुढे सरकलो, त्या एक पाऊल माझ्याकडे आल्या. मी कौल घेतलं, मागे इक्बालकडे दिलं आणि डोळे पुसायला हात वर नेला. तोवर यमुनाबाईंनी दुसरं पुढे केलं होतं.