खंय चललंस?

आमच्या मालवणच्या घरात माडीवर राहणारा भाडेकरू नॉर्वेचा आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतो. मराठी त्याला येत नाही. माझ्या आईकडून शिकला ती फक्त मालवणी. रस्त्यात भेटेल त्याला "खंय चललंस?" विचारायचं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. उत्तर न ऐकता पुढे जायचं, हे मात्र अजून कळलेलं नाही. तो थांबतो. "बाजारात" म्हटलं, की "कित्याक?", म्हणजे कशाला, तेही विचारतो. त्याला चुकवायला शेजारचे काका हल्ली मागच्या दारानं बाहेर पडतात.

मध्यंतरी त्याच्या मुक्कामाची मुदत वाढवायला मी त्याला कचेरीत नेलं. साहेब नुकतेच जळगावहून बदलून आलेले, कपाळावर कायम आठ्या. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला, "उद्या या" म्हणाले आणि उठले.

"खंय चललंस?" यानं विचारलं.

मी घाईनं मराठीत सांगितलं. "साहेब, कुठे निघालात म्हणून विचारतोय."

"जेवायला. खानावळीत," साहेब गुरकावले.

"एकटोच?"

हे साहेबांना माझ्याशिवाय समजलं. ते जरा थांबले. "इथे ओळखीचं आहे कोण?"

"रविवारी आमच्या घराक ये जेवूक," हा म्हणाला. माझ्या आईला न विचारता.

दुसऱ्या दिवशी सही झाली आणि रविवारी साहेब खरंच आले. बांगड्याचा काटा कसा सोडवायचा, ते नॉर्वेचा माणूस जळगावच्या माणसाला मालवणीत शिकवत होता, आणि साहेब दर वाक्याला माझ्याकडे वळून विचारत होते, "काय म्हणतायत हे?"