बाह्यांचं दुकान

कोणी काही नवं सुचवलं की आमच्या शाळेतले सर पालथी मूठ हनुवटीखाली टेकवायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय. पण घेणार कोण?"

असा माणूस तुमच्याही शाळेत, कचेरीत असेल. चांगल्या भरात आलेल्या माणसाला जमिनीवर आणणारा. मी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी अकरा कडव्यांचं स्वागतगीत रचलं होतं. शिक्षकांच्या खोलीत ते मी डोळे मिटून गायले. डोळे उघडले तेव्हा सर समोर, मूठ हनुवटीखाली.

"झ्याक हाय बाई. पण घेणार कोण?"

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा राग वेगळा.

आज मी आजी आहे, गुडघे वाजतात, आणि तेव्हाच्या त्या बाईची, म्हणजे माझीच, मला फार गंमत वाटते. कडक इस्त्रीची साडी, नाक वर, आणि आपण जवळा बाजारच्या शाळेत मराठी शिकवतो म्हणजे गावावर उपकारच करतो अशी चाल. बरं, चालही अशी की दर दोन दिवसांनी चप्पल तुटायची.

सरांकडे नववीचा उद्योगाचा तास होता. पुस्तकात भांडवल, बाजारपेठ, ग्राहक, सगळ्यांच्या व्याख्या होत्या. सरांनी पुस्तक मिटलं आणि पोरांना म्हणाले, "बाजाराच्या दिवशी आपलं दुकान लावायचं." मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "पुस्तकातलं गिऱ्हाईक भांडत न्हाई, साहेब."

काय विकायचं, हे मी ठरवलं. न विचारता. हळद! सोनेरी पुड्या, त्यावर माझ्या दोन ओळी. सरांनी मूठ हनुवटीला लावली. "घेणार कोण?" मी म्हटलं, "सगळे!"

आता सांगा, ज्या मुलखात घराघरात हळद शिजते, तिथे हळद विकायची अक्कल कोणाची? पुन्हा मी दुकानाजवळ बसले होते ती काळा चष्मा लावून, डोक्यावर पदर घेऊन. ओळखीचं कोणी बघू नये म्हणून. त्यामुळे सगळा बाजार माझ्याकडेच बघत होता. कुरुंद्याची एक म्हातारी आली, पुडी हुंगली आणि मोठ्यानं म्हणाली, "अवं माय, ह्ये तर आमच्याच वावरातलं दिसून राहिलं! आमचंच आमाला इकता व्हय?"

पोरं खाली बघायला लागली. सर हसले नाहीत. पुढच्या बाजारी त्यांनी सांगितलं, "आज काही इकायचं न्हाई. नुसतं फिरा. कोण कशापायी कुरकुर करून राहिलं, त्ये ऐकून या."

कुरकुर आणली शीतलनं. ही मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "सर, सोयाबीन सोंगताना, कापूस येचताना बाया नवऱ्याचा सदरा घालतात. हाताला टोचू नये म्हणून. पण सदऱ्यात जीव उकडतो, अन् नवरा वरडतो त्यो येगळाच. नुसत्या बाह्याच शिवल्या तर?"

सरांची मूठ वर गेलीच नाही.

पोरांनी घराघरातून जुने सदरे आणले. बाह्या कापल्या, शीतलनं मनगटाला आणि दंडाला लास्टिक शिवलं, दुकानाच्या दोरीवर टांगल्या. आणि ती न बोलणारी शीतल भर बाजारात ओरडायला लागली, "मावशे, नवऱ्याचा सदरा नवऱ्याला दे, तू बाह्या घे!" बाया हसत यायच्या, घेऊन जायच्या. माझा चष्मा कधी गळून पडला, मला कळलं नाही.

ही बातमी शीतलच्या वडिलांपर्यंत गेली. ते शाळेत आले ते धुमसतच. "आमच्या घरची पोरगी बाजारात वरडून राहिली! पुन्हा दिसली तर शाळा बंद, अन् सरळ स्थळ बघतो." सरांनी शीतलला बाजूला घेऊन सांगितलं, "लेकरा, पुढच्या बाजारी येऊ नको. दुकान राहू दे, शाळा राहिली पायजे."

ती आली. आमच्या आधी येऊन बाह्या टांगत होती. त्या दिवशी सरांनी समोरचा चहा थंड होऊ दिला. दुपारी मोटारसायकल थांबली. वडील तरातरा आले, "चल घरी" म्हणाले. शीतल एका बाईच्या हातात बाही चढवत होती. ती सोडली नाही, लास्टिक दंडावर नीट बसवलं.

सर मध्ये उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "दादा, गिऱ्हाईक हाय. तेवढं जाऊ द्या, मंग न्या."

शेतकरी माणूस, आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलणं त्यांच्याच्यानं होईना. थांबले. तेवढ्यात गर्दी वाढली आणि एका म्हातारीनं त्यांना दुकानदारच समजून दटावलं, "ओ उंच दादा, खांबावाणी काहून उभे? ती वरची निळी काढा की!"

त्यांनी काढली.

"लास्टिक तुटंल का?"

त्यांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. आपल्याच पोरीची शिवण बराच वेळ निरखली. "न्हाई तुटत. घ्या."

मग शीतलला हळूच म्हणाले, "आवर. माय वाट बघून राहिली." दोघं मोटारसायकलवर बसून गेली. पुढे काय होणार, त्यांच्या पाठीवरून काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. त्यानंतरच्या बाजारालाही. सर निवृत्त होईपर्यंत दुकान चाललं, मग ते पुसेगावकडे आपल्या गावी गेले. गेल्या हिवाळ्यात शीतलचाच फोन आला. मागे तिच्या दुकानातला गलका ऐकू येत होता. "बाई, सर गेले," एवढंच म्हणाली. कोणीतरी भाव विचारत होतं, ते विचारतच राहिलं.

मी सरांवर भाळले होते असं समजू नका. समजलात तरी या वयात माझं काय जातंय!

पण मला आठवते ती मोटारसायकल गेल्यानंतरची संध्याकाळ. पोरं पांगली होती. खाली अंथरलेली ताडपत्री उचलायची होती. दोन टोकं सरांनी धरली, दोन मी. झटकली. मग ते टोकं घेऊन माझ्याजवळ आले, माझ्या हातात दिली, वाकून घडीची कड उचलली आणि पुन्हा आले. तसं जवळ आल्यावर, खाली बघतच त्यांनी विचारलं, "उद्या शाळेत येईल का वो ती?"

  मी मान डोलावली आणि त्यांच्या हातातली टोकं घेतली.

आता अंगणातली चादर वाळली की मी दोन टोकं धरून उभी राहते. नात हाका मारल्याशिवाय येत नाही. मी लगेच हाक मारत नाही. पलीकडची दोन टोकं तेवढा वेळ मातीत लोळत असतात.