चंपीचं चौथं पिल्लू

"तात्या, जरा तुमच्या छतावर देखून घ्या न. चंपी तिकडे तर नाही गेली?"

"गेली असेल तर राहू द्या. तुमच्या घरी तीन-तीन मांजरं, माझ्या घरी मी एकटा. थोडी वाटणी होऊ द्या."

"मजाक नका करू. पिल्लं पण गायब आहेत. तीन घेऊन गेली, एक सोडून गेली. मी इथे पागलसारखी फिरून राहिली आहे."

"काल संध्याकाळी तुम्ही जो धूर केला न वहिनी, त्यात चांगला माणूस पळून गेला असता. ती तर मांजर आहे."

"पाचवी होती. पाचवीला धुरी देतातच."

"मांजराची पाचवी?"

रजनी भिंतीवरून मागं सरली आणि पुन्हा घरात गेली, पुन्हा पलंगाखाली वाकली, पुन्हा गव्हाच्या कोठीमागं हात घालून बघितला. तिथं काही नव्हतं, हे तिला मघाशीच कळलेलं होतं.

नानाखेड्याच्या बस स्टँडमागं जी कॉलनी आहे, तिच्या शेवटच्या ओळीत ही रजनी राहते. शेजारी तात्या, बँकेतून रिटायर झालेले. मधे कमरेएवढी भिंत. रजनीचा धंदा म्हणाल तर बाळंतिणीला मालीश करायची आणि बाळाला न्हाऊ घालायचं. नवरा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता, तो गेला. सासू ह्या कामात तरबेज होती, तिच्या हाताखाली रजनी शिकली. उज्जैनमधल्या निम्म्या मराठी घरांतली पोरं तिच्या पायांवर पालथी पडून रडलेली आहेत. तिला स्वतःला मूल नाही. कुणी खोदून विचारलंच तर ती म्हणते, "इतकी तर पायावर घेतली. अजून एक घेऊन काय पाय तोडून घेऊ?"

मांजरांचा नाद तिला नवऱ्यानं लावला. त्यानं पहिलं पिल्लू पेरूच्या करंडीतून घरी आणलं, म्हणून त्याचं नाव पार्सल. पार्सल लई चोर होती, चुलीवरच्या दुधाचं झाकण पंजानं सरकवायची आणि पिऊन झालं की तिथंच झोपायची. पळायची गरज असते हे तिला कधी कळलंच नाही. तिच्यामागून घर कधी मांजरावाचून राहिलं नाही. सध्या तिघं. सुभेदार हा बोका, एक कान फाटका, कॉलनीत रोज फेरी मारून प्रत्येक दारात उभा राहणार आणि दिल्याशिवाय हलणार नाही. ठमी लठ्ठ, पांढरी, कबुतराला घाबरते. उंदीर समोरून गेला तर मान वळवून घेते, जणू पाहुण्यांची भानगड आहे, आपण कशाला बघा. आणि चंपी. ही करडी, हडकुळी, पण अंगावर चढली की दोन्ही पंजांनी असं मळते की झोप यावी. रजनी दिवसभर लोकांच्या कंबरा रगडून यायची, आडवी व्हायची आणि चंपी तिच्या पाठीवर चढायची. नाव त्यावरूनच पडलं. "माझ्याहून हिचा हात चांगला," असं रजनी गिऱ्हाइकांना सांगायची.

त्या चंपीला चार पिल्लं झाली, मोसंबीच्या खोक्यात. रजनीचं डोकं तिथं फिरलं. जन्मभर दुसऱ्यांच्या घरची बाळंतपणं केलेली बाई, आपल्या घरात एक झालं तर हात बांधून कशी बसणार? सटवाईची पूजा तिनं केली नाही, देवाशी चेष्टा नको एवढी अक्कल होती. बाकी सगळं केलं. पाचव्या दिवशी खोक्यातली चिंध्यांची गादी काढून फिनाइलच्या पाण्यात धुतली. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणीची सालं टाकून खोलीभर धुरी दिली. मग वेखंडाची पूड घेऊन एकेका पिल्लाच्या टाळूवर चोळली. चौथं सगळ्यांत बारकं होतं, अंगानं गार लागायचं. त्याला तिनं डोक्यापासून शेपटीपर्यंत माखलं. चंपी दारात उभी राहून बघत होती, शेपटी आपटत होती.

सकाळी खोक्यात ते एकटंच.

रजनीनं कापसाची वात दुधात भिजवून त्याच्या तोंडाशी धरली. दूध गालावरून खाली आलं. तिनं ठमीला उचलून खोक्यात ठेवलं, निदान ऊब तरी. ठमी पायाला चटका बसल्यागत बाहेर उडाली. सुभेदार आला, पिल्लांचा बाप तोच असावा असा सगळ्या कॉलनीला संशय होता, त्यानं खोक्याचा लांबूनच वास घेतला आणि फेरीला निघून गेला. पिल्लू आधी कोकलत होतं. आता आवाज बारीक होत चालला होता. डोळे मिटलेले, मान टेकवलेली. आईचं दूध मिळालं नाही तर ते जगत नाही, हे रजनीला कुणी सांगायला नको होतं.

पण फ्रीगंजला जायचं होतं. माईंच्या घरी, टावर चौकाच्या पलीकडच्या गल्लीत, त्यांची सून भार्गवी महिन्याची बाळंतीण. पाणी तापवून ते लोक वाट बघत असतात. रजनीनं पिल्लू जुन्या स्वेटरच्या बाहीत सरकवलं, खोक्यात ठेवलं आणि ई-रिक्षात बसली. रस्ताभर ती चुळबुळत होती. पिशवी मांडीवर घ्यायची, पायाशी ठेवायची, पुन्हा मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, "दीदी, कुछ गिर गया क्या?" रजनी म्हणाली, "नहीं नहीं, आप बैठो."

माईंच्या न्हाणीत ती पाटावर पाय पसरून बसली, बाळ पायांवर घेतलं, तेल लावलं, पाणी घातलं. हात आपले आपण चालत होते. डोकं मोसंबीच्या खोक्यात. पंच्यात गुंडाळून बाळाला कोरडं केलं, टाळूवर वेखंड लावलं. मग पुन्हा डबी उघडली आणि पुन्हा लावलं, छातीला, मानेला. बाळ शिंकलं. परत शिंकलं. मग थांबेचना.

"रजनी, आज ध्यान कुठे आहे तुझं?" माई दारातून म्हणाल्या. "पोरीला लोणच्यासारखी मुरवून राहिलीस काय?"

"जास्त पडलं थोडं."

"थोडं? मला इथे ठसका लागला."

भार्गवीनं पोरीला छातीशी घेतलं. पोर तोंड इकडं वळवी, तिकडं वळवी, नाक घाशी आणि रडे. भार्गवीनं तिला दुसऱ्या बाजूला घेतलं, तिथंही तेच.

"मावशी, तिला मी भेटूनच नाही राहिली," भार्गवी म्हणाली. "इतका वास येतो आहे न तिच्या अंगाला, माझा वास कुठून लागेल तिला?"

रजनी जागच्या जागी थांबली. मग कोमट पाण्यात फडकं पिळून तिनं पोरीचं तोंड, मान, छाती पुसली. दोनदा पुसली. थोड्या वेळानं पोर लागली प्यायला.

माईंनी चहा टाकला होता. रजनी चप्पल घालून मोकळी. "नंतर पिते माई, आज घरी काम आहे." तात्या सकाळी धुराचं म्हणाले ते खरं निघालं होतं आणि तात्यांचं खरं निघावं याचा तिला पिल्लाइतकाच त्रास होत होता.

घरी आली तेव्हा पिल्लू हलत होतं. एवढंच. तिनं कोमट फडक्यानं त्याला पुसलं, कोरडं केलं. वेखंड बरंचसं निघालं. पण वास काढून भागत नव्हतं, त्याला आईचा वास लागायला हवा होता. आणि चंपीचा वास घरात उरला होता कुठं? गादी धुतलेली. चादर धुतलेली. पायपुसणं सुद्धा तिनंच फिनाइलमध्ये बुडवलेलं. पाचवीची सफाई तिनं अशी केली होती की चंपी ह्या घरात कधी राहत होती हे चंपीलाही पटलं नसतं.

ती भिंतीपाशी गेली.

"तात्या, तुमच्या स्कूटरच्या सीटचं कव्हर द्या न."

तात्या पेपर वाचत होते. "कशाला?"

"चंपी रोज दुपारी त्यावर झोपते म्हणून तुम्हीच तर भांडता माझ्याशी."

"भांडतोच. माझ्या पॅन्टला मागून केस लागतात. लोक समजतात, म्हाताऱ्याला शेपटी फुटून राहिली."

"तेच केस पाहिजेत मला."

तात्यांनी पेपर खाली ठेवला. गेले, कव्हर ओढून काढलं, भिंतीवरून दिलं. "धुऊन वापस करा."

"आता धुण्याचं नाव नका काढू. धुण्यानंच झालं हे सगळं."

रजनीनं पिल्लाला त्या कव्हरात गुंडाळलं, हलक्या हातानं चोळलं. करडे केस त्याच्या पाठीला चिकटले. तात्या भिंतीशी उभेच होते. जरा घसा खाकरून म्हणाले, "वर आहे ती."

"कुठे वर?"

"माझ्या छतावर. कूलरमध्ये. तुम्ही फ्रीगंजला गेलात मग मी देखून आलो. तिघं पण आहेत."

रजनी पिल्लू पदराखाली घेऊन त्यांच्या जिन्यानं चढली. गच्चीवर ऊन पसरत चाललं होतं. कूलर भिंतीच्या सावलीला होता, एका बाजूची जाळी निघालेली. आत जुन्या गवतात दोन डोळे चमकले. रजनीनं कव्हरासकट पिल्लू खाली ठेवलं आणि पुढं सरकवायला हात नेला. आतून फिस्स आवाज आला. इतक्या वर्षांत चंपी तिच्यावर पहिल्यांदा फिस्कारली.

"अगं, मी आहे," रजनी म्हणाली.

"म्हणूनच," तात्या मागून म्हणाले. "हात मागे घ्या."

तिनं हात मागं घेतला. मांडीवर ठेवला, मग पदराला पुसला, मग पुन्हा पुढं गेला. पिल्लू जरा वाकडं पडलं होतं, एवढं सरळ केलं असतं तर.

"वहिनी, तुम्ही इथे बसून राहिलात तर ती येणार नाही. तुमच्या हातांना घाबरूनच इथे आली आहे. खाली जा."

"आणि ते असंच पडू देऊ?"

"हो."

रजनीचा फोन वाजला. मृणाल होती, कॉलनीतल्याच पलीकडच्या गल्लीतली, जिचं बाळ नुकतंच घरी आलं होतं. पाणी तापलंय, बाळ उठलंय, मावशी कुठे आहात. "आली, आली," रजनी म्हणाली, पण हलली नाही. तात्यांनी तिच्याकडं बघितलं. मग ती उठली. उलट्या पावलानं जिन्यापर्यंत गेली आणि चार पायऱ्या उतरून, भिंतीला हात लावून उभी राहिली. तिथून कूलर दिसत नव्हता.

"काय करते आहे?" तिनं खालूनच विचारलं.

"चूप."

खाली बस स्टँडवर कुणीतरी इंदूर, इंदूर ओरडत होतं. रजनीच्या पायाचा अंगठा पायरीवर घासत होता.

"बाहेर आली," तात्या हळू आवाजात म्हणाले. "वास घेऊन राहिली आहे."

रजनीनं पायरीवर एक पाऊल वर टाकलं. परत खाली घेतलं.

"गेली आत."

"पिल्लू घेऊन?"

"नाही. तशीच."

फोन पुन्हा वाजला, तिनं तो दाबून बंद केला.

"परत आली. चाटते आहे." मग जरा थांबून, "उचललं. मानेला धरून उचललं. घेऊन गेली आत."

रजनी पायरीवर बसली. लगेच उठली. "प्यायला लावलं का त्याला? जरा वाकून देखा न."

"मी नाही वाकणार. तुम्ही पण नाही. आणि एक सांगून ठेवतो, ती तुमच्या घरी आता येणार नाही. आली तरी पिल्लं मोठी झाल्यावर. आता पूर्ण गरमीभर माझा कूलर अडकला."

"माझा टेबलफॅन घेऊन जा."

"तो खडखड करतो."

"करू द्या."

तिनं घरातून पिशवी उचलली, नळाखाली हात साबणानं दोनदा धुतले आणि निघाली. मृणालच्या घरापर्यंत ती जवळजवळ धावतच गेली. दारातच मृणाल म्हणाली, "मावशी, इतका उशीर?" रजनीनं चप्पल काढली, न्हाणीत पाट सरकवला, साडी गुडघ्यापर्यंत घेऊन पाय पसरले आणि बादलीत कोपर बुडवून बघितलं.

"गरम आहे. एक तांब्या थंडं टाक, आणि आण इकडे त्याला."